तुम्ही विचारलंत म्हणून : ती कोमातली गोष्ट मी आता का सांगत नाही

कार्टूनला आवाज द्यायला शिकवते त्या माझ्या वर्कशॉपच्या शेवटच्या तासाला एक हात हमखास वर होतो. आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी पढवून पाठवलेलं असतं. "मॅडम, ती मेल ब्लँकची कोमातली गोष्ट सांगा ना." ब्लँक म्हणजे बग्ज बनीचा आवाज काढणारा अमेरिकन कलाकार. वेळ झाली म्हणून मी टाळते. मग पुढचा प्रश्न येतो : पूर्वी तर प्रत्येक वेळी सांगायचात, आता का नाही? हाच प्रश्न मेसेजवर येतो, स्टुडिओच्या लॉबीत येतो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, ताटात जिलबी पडत असताना आला. कुणाचा समज असा की गोष्ट खोटी निघाली. कुणाला वाटतं, ब्लँकचं नाव पडद्यावर यायचं आणि आमची येत नाहीत, म्हणून माझा जळफळाट होतो. एकाने तर तीच गोष्ट मलाच फॉरवर्ड केली, खाली हात जोडल्याचं चित्र. अरे बाबा, तुझ्यापर्यंत ती ज्यांच्याकडून आली त्यांना ती मीच सांगितलेली आहे.

तर एकदाच लिहून ठेवते. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

गोष्ट अशी. २४ जानेवारी १९६१, लॉस एंजेलिस. सनसेट बुलेव्हार्डवर 'डेड मॅन्स कर्व्ह' म्हणून बदनाम असलेलं एक वळण आहे, तिथे ब्लँकच्या गाडीवर समोरून येणारी गाडी आदळली. दोन्ही पाय मोडले, खुबा मोडला, डोक्याला जबर मार. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्व्हेस्टर, योसेमिटी सॅम ही सगळी फौज ज्या एका गळ्यातून बोलायची तो गळा दोनेक आठवडे गप्प. घरचे उशाशी बसून हाका मारतायत, काही नाही. मग एके दिवशी डॉक्टरांनी 'मेल' म्हणायच्या ऐवजी विचारलं, काय बग्ज बनी, आज कसं काय? आणि बँडेजमधून बग्जच्या आवाजात उत्तर आलं, की ठीक आहे डॉक. डॉक्टरांनी ट्वीटीला विचारलं. ट्वीटीही बोलला.

खोटं यात काही नाही. डॉक्टरांनी पुढे ते जाहीरपणे सांगितलं, ब्लँकने स्वतः १९८८ च्या आत्मचरित्रात लिहिलं. फक्त एक आहे. ब्लँकला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्याला ते मागाहून इतरांनी सांगितलं. हे वाक्य मी सांगताना गाळायचे. लय बिघडते.

मी ही गोष्ट फार छान सांगायचे, उगाच नम्रपणा करत नाही. ट्यूबलाइट घालवायला लावायचे. डॉक्टरांचा आवाज थकलेला, खालचा. मग शांतता, मोजून. मग एकदम गाजर चावल्यासारखा बग्ज. निम्मा वर्ग रडायचा, उरलेला टाळ्या वाजवायचा. आणि टाळ्या थांबायच्या आत मी म्हणायचे, "बघा, ज्याचा आवाज जिवंत आहे तो माणूस मरत नाही." त्या बाईला मी आज समोर बसवून काही विचारायला गेले तर ती मला गप्प करील. तिच्याकडे सगळ्याची उत्तरं होती.

आईचं सांगते.

मी एका कार्टूनमधल्या द्वाड पोराचा आवाज बरीच वर्षं देतेय. आमच्या धंद्यात पोरांचे आवाज बहुतेक बायकाच काढतात, कारण खऱ्या पोराचा गळा फुटतो आणि मालिका तर चालूच राहते. तो पोरगा आईचा भारी लाडका. सांगलीहून फोन करायची, माझी चौकशी दोन वाक्यांत उरकायची आणि म्हणायची, "आता त्याला दे." मग मी त्या पोराच्या आवाजात तिच्याशी भांडायचे, तिच्या कारल्याच्या भाजीला नावं ठेवायचे. ती खरंच चिडायची. "मेल्या, थांब, तुझ्या आईला सांगते," म्हणायची.

मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती बेशुद्ध झाली. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडायचे, पायात निळ्या पिशव्या चढवून. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, कदाचित ऐकू जात असेल. मी बोलत राहिले. गॅसचा नंबर लावलाय, शेजारच्यांनी कुंड्यांना पाणी घातलंय, असलं काहीबाही. बाहेर बाकड्यावर मावशीने माझं मनगट धरलं. "अगं, ती त्या माणसाची गोष्ट तूच सांगतेस ना? मग त्याला बोलव की. तुझ्या हाकेला ओ देत नाहीये, त्याच्या हाकेला देईल."

मावशीचं गणित उलटं होतं. ब्लँकच्या गोष्टीत ज्याचा आवाज तोच खाटेवर होता. इथे खाटेवर ऐकणारी होती. पण अशा वेळी बाकड्यावर बसून मुद्दे कोण काढतं?

आत गेले. आईच्या नाकात नळी, कपाळावरची टिकली पुसलेली, तिच्या जागी फिकट गोल. शेजारच्या खाटेवर एक आजोबा, त्यांच्या छातीची घरघर मशीनच्या टिकटिकीच्याही वर. मी वाकले. आधी माझ्या आवाजात 'आई' म्हटलं. मग माइकसमोर खाकरते तसं खाकरले आणि जीभ मागे ओढली. त्या पोराचा आवाज तिथून निघतो : जीभ मागे, हनुवटी जराशी वर, तोंडाचा एक कोपरा उघडा. "ए आज्जी, ऊठ की! कारल्याची भाजी करपली बघ!"

आवाज सगळीकडे गेला. तो तसाच आहे, खोलीभर जाणारा, त्याचेच पैसे मिळतात. सिस्टरने मान वर केली. वॉर्डबॉय हसला आणि लगेच चेहरा सावरून औषधांच्या ट्रेकडे वळला. आईच्या पापणीत काही नाही. मी मॉनिटरवरचा आकडा बघत होते, खोटं कशाला बोलू. ब्याऐंशी होता. ब्याऐंशीच राहिला. मी पुन्हा म्हटलं, या वेळी थोडं लाडात. पहिला टेक चांगला असला तरी आमच्याकडे 'एक सेफ्टी घेऊन ठेवू' म्हणतात, तसं. मग आजोबांच्या सुनेने पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तीच सिस्टर भेटली. ओढणीशी चाळा करत म्हणाली, "मॅडम, तो तुम्हीच का? माझा मुलगा बघतो ते. त्याचा वाढदिवस आहे..." आणि मोबाइल पुढे केला. मी रेकॉर्ड करून दिलं. का नाही द्यायचं? रात्रभर तीच बाई आईची कूस बदलत होती. जिन्यात, फिनेलच्या वासात, एका टेकमध्ये झालं. पोरगा इतका खुललेला मी बूथमध्येसुद्धा क्वचित ऐकलाय. मावशी माझ्या मागे दोन पायऱ्यांवर उभी होती. ती काही बोलली नाही. तेव्हा नाही.

आई पुढच्या आठवड्यात गेली. शुद्धीवर आलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे चमत्कार आपल्या घरी झाला नाही म्हणून बाई रुसल्या. म्हणा. मी स्वतःलाही हे विचारलंय आणि नाही म्हणून ठामपणे सांगता येत नाही. पण नुसतं तेवढंच असतं तर वर्षभराने मी पुन्हा सांगायला लागले असते. टाळ्यांची सवय सुटत नाही.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. मेंदूला इजा झालेल्या माणसाला कधी कधी स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण पाढे म्हणता येतात, रामरक्षा म्हणता येते, कडाडून शिवीही देता येते. हजारदा घोटलेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं. ब्लँकने पोर्की आणि डॅफी १९३७ पासून काढले, बग्ज १९४० पासून. म्हणजे अपघातापर्यंत बग्ज वीस वर्षं रोजच्या सरावातला. आणि बग्जची कार्टूनं काढणाऱ्या वॉर्नरकडे आवाज आधी रेकॉर्ड व्हायचा, मग चित्रं काढली जायची. बग्जचं तोंड ब्लँकच्या जिभेमागून हलायचं. आम्ही डबिंगवाले आधीच हललेल्या ओठांमागे धावतो, कानात पायलट, म्हणजे मूळ आवाज, समोर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. त्याच्या तोंडात ते पात्र माझ्यापेक्षा खोल बसलेलं असणार, हे उघड आहे. हे समजल्यावर मला बरं वाटलं का? थोडं वाटलं. मग राग आला, कारण आता ना चमत्कार उरला ना मला दोष देता येत होता.

तर हल्ली मी त्या अपघाताचा पुढचा भाग सांगते. तो कुणाला नको असतो. 'द फ्लिंटस्टोन्स' ही कार्टून मालिका तेव्हा नवीन होती, सप्टेंबर १९६० मध्ये सुरू झालेली, आणि ब्लँक त्यात बार्नी रबल होता. तो पडल्यावर काही भागांत बार्नीचा आवाज डॉज बटलरने दिला. हा बटलर म्हणजे योगी बेअरचा आवाज, स्वतः मोठा माणूस, दुसऱ्याच्या जागेवर येऊन गुपचूप काम करून गेला. नंतर ब्लँक अंगभर प्लास्टरमध्ये उताणा पडलेला, तोंडावर माइक टांगलेला, आणि तशात त्याने बार्नी केला. उताणं झोपून एक रिअ‍ॅक्शन काढून बघा. साधी धाप लागल्याची. पोटात हवा भरत नाही, स्वर घशात अडकतो. सुरुवातीचा बार्नी आणि पुढचा बार्नी ऐकून बघा, पुढचा खाली उतरलेला आहे. मी वर्गाला खरंच सतरंजीवर झोपवून हे करायला लावते. पोरं हसतात, पण दहा मिनिटांनी पुन्हा तेच : मॅडम, ती गोष्ट?

नावाचंही सांगते, कारण तुम्ही त्यावरूनच मला टोमणे मारता. ब्लँकने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, निर्माता लिऑन श्लेसिंगरकडे त्याने पगारवाढ मागितली. ती मिळाली नाही, बदल्यात पडद्यावर नाव मिळालं. चाळीसच्या दशकातली ही गोष्ट. त्याच कार्टूनमध्ये एल्मर फडचा आवाज देणारा आर्थर क्यू. ब्रायन होता, आजीबाईंचा आवाज देणारी बी बेनाडरेट होती. नाव मात्र एकट्या ब्लँकचं. ब्रायन १९५९ मध्ये वारला, आणि एल्मरसुद्धा ब्लँकच होता असं समजणारे लोक मला अजून भेटतात. मला ब्लँकचा हेवा वाटत नाही. मला ब्रायनबद्दल वाईट वाटतं. बरं, थोडा हेवाही वाटतो.

आणि घसा. ब्लँक लहानपणापासून सिगारेट ओढायचा, उतारवयात एम्फिसिमा, म्हणजे फुप्फुसांचा आजार, निघाला. १९८८ मध्ये 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या सिनेमात बग्ज, डॅफी, ट्वीटी त्यानेच केले, पण योसेमिटी सॅमचं घसा फाडून ओरडणं दुसऱ्याला द्यावं लागलं. पुढच्याच वर्षी, १० जुलै १९८९ ला तो गेला. या वेळी हॉस्पिटलात बग्जला कुणी काही विचारलं का, मला ठाऊक असायचं कारण नाही. पण जुनी मी हा प्रश्न वर्गात येऊच द्यायची नाही, एवढं नक्की.

ती गोष्ट सांगू नका असं मी कुणाला म्हणत नाही. माझ्याच एका विद्यार्थ्याने ती मध्यंतरी सांगितली, मी मागच्या रांगेत होते. त्याने ट्यूबलाइटही घालवली. चांगली सांगितली. त्याचा बग्ज जरा पातळ आहे, पण माझ्या अंगावर काटा आला, तो काही मी अडवू शकले नाही.

राहता राहिली मावशी. तिचं म्हणणं असं की त्या दिवशी आवाज मी नीट काढलाच नाही. "रडका निघाला गं. दारातून ऐकलं मी. तो पोरगा कधी रडत बोलतो का? तिने ओळखला नसेल." या बाईने जन्मात माइक बघितलेला नाही. पण दुपारच्या जेवणानंतर ती ते कार्टून रोज बघते, आणि कुठल्या भागात माझा घसा बसला होता ते फोन करून सांगते. ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मी म्हणते, पट्टी बरोबर होती, जीभ जागेवर होती, दोन्ही टेक ओके होते. ती म्हणते, मग तो जिन्यातला आण, ऐकू दोघी, आणि मग बोल.

जिन्यातला त्या सिस्टरच्या मोबाइलमध्ये आहे. तो मागायला मी जाणार नाही. मावशी म्हणते, ती जाईल.