घरामागचं पॉयझन आयव्ही कसं काढलं – माझा अनुभव

आमच्या न्यू जर्सीच्या घरामागे कुंपणाच्या कडेने आणि एका जुन्या ओकवर पॉयझन आयव्ही (अंगाला लागलं की खाज आणि फोड उठवणारी वेल) माजलं होतं, मुलांचा बॉल हमखास तिथेच जातो म्हणून यंदा मे महिन्यात ते काढायचंच ठरवलं. माणूस बोलवायचा तर त्याने सांगितलेला आकडा ऐकून मीच काढायला घेतलं. दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी ओळख पक्की करा. तीन पानांचा जुडगा, मधल्या पानाचा देठ लांब आणि बाजूच्या दोघांना जवळजवळ देठच नाही, आणि हे जुडगे फांदीवर एकाआड एक येतात. बॉक्स एल्डर नावाच्या झाडाची रोपंही तीन पानांची दिसतात पण त्यांचे जुडगे समोरासमोर असतात, आणि पाच पानं असतील तर ती व्हर्जिनिया क्रीपर, म्हणजे वेगळीच वेल. झाडावर चढलेली जुनी वेल तर पानं नसतानाही कळते, खोडाला बारीक केसाळ मुळांची दाढीच फुटलेली असते.

त्रास होतो तो उरुशिऑल नावाच्या तेलाने, ते पानात, खोडात, मुळात सगळीकडे असतं आणि वेल वाळली तरी जात नाही. चिपळूणला आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "अगं म्हणजे बिब्बा उततो तसंच की!" अगदी तसंच, कारण बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन आयव्ही सगळे एकाच कुळातले. ज्याला बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकाने तोंड उठतं त्याने या कामाच्या वाटेलाच जाऊ नये असं माझं मत. नवऱ्याला लहानपणी बिब्बा उतला होता म्हणून त्याला दारातच उभं केलं, सूचना द्यायला तो तयारच होता, पण त्याचा खरा उपयोग वेगळा. हाताला ओली हळद लागली असेल तर आपण कुठेकुठे हात लावतो ते आठवा, दाराची मूठ, नळ, फोन, नाक. हे तेल तसंच पसरतं, फक्त दिसत नाही. म्हणून दार, नळ, फोन सगळं त्याच्याकडे.

पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना काम केलं. फुल बाह्यांचा जुना शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, गॉगल, आणि कोपरापर्यंतचे जाड व्हिनाइल ग्लोव्हज, कारण कापडी ग्लोव्हजमधून तेल झिरपतं आणि पातळ लेटेक्समधूनही. लहान रोपं मुळासकट हळूच उपटून थेट कचऱ्याच्या जाड पिशवीत टाकली. गवत कापायचा ट्रिमर अजिबात चालवू नका, रस सगळीकडे उडतो. ओकवरची वेल ओढायची नाही, बुंध्याशी कापून मधला वीतभर तुकडा काढून टाकला आणि मुळाकडच्या कापलेल्या टोकाला लगेच ब्रशने ग्लायफोसेट हे तणनाशक लावलं, फवारलं असतं तर शेजारचं हायड्रेंजियाचं फुलझाडही गेलं असतं. कंपोस्टमध्ये काहीच टाकलं नाही. आणि जाळणं तर नाहीच नाही! आपल्याला पालापाचोळा पेटवायची सवय असते, पण याचा धूर फुप्फुसात गेला तर थेट हॉस्पिटल.

नंतरचं धुणं हाच खरा भाग. ग्लोव्हज हातात असतानाच भांड्याच्या साबणाने धुतले मग काढले, हात-मान गार पाण्याने आणि त्याच साबणाने फडक्याने चांगले घासले, नुसतं पाणी ओतून तेल निघत नाही. कपडे वेगळे, गरम पाण्यात. कात्री आणि बुटांचे तळ रबिंग अल्कोहोलने पुसले. कुत्रा असेल तर त्यालाही आंघोळ घाला, त्याला काही होत नाही पण केसांना लागलेलं तेल आपल्याला मिळतं.

मला काही उठलं नाही, पण ते कळायलाही दोन-तीन दिवस जातात, तोवर नुसतं हात बघत बसायचं. उठलंच तर फोडांतल्या पाण्याने ते पसरत नाही, ती भीती उगाच. मात्र चेहऱ्यावर, डोळ्यांपाशी आलं तर डॉक्टरकडे पळा.

राहिलेल्या मुळांतून जुलैत परत कोंब आलेच, ते कोवळे असतानाच उपटले. पक्षी याची फळं खाऊन बिया टाकतात, त्यामुळे दर वसंतात एक फेरी ठरलेली. ओकवरची वेल आता वाळलीय, तुकडे पडतील तसे ग्लोव्हज घालूनच उचलतेय.