स्कोपला आयपीस कुठला घ्यायचा?

स्कोप म्हणजे लांबचे पक्षी बघायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण आणि आयपीस म्हणजे तिचं डोळ्याकडचं भिंग. ऐरोली, नेरूळच्या खाडीवर पक्षी बघायला जाणारे बरेच जण विचारतात की ६० एक्सवाला (६० पट मोठं दाखवणारा) झूम घेऊ ना, आणि माझं उत्तर ठरलेलं, घ्या, पण ६० एक्ससाठी घेऊ नका. गणित सोपं आहे, पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन, म्हणजे ६५ मिमीच्या स्कोपला २० एक्सवर डोळ्यात येणारा प्रकाशझोत ३.२५ मिमी आणि ६० एक्सवर जेमतेम १ मिमी, सकाळच्या अंधुक उजेडात काय दिसणार कप्पाळ! बरं, उजेड वाढला की चिखल तापतो, हवा थरथरते, मग पक्षी फक्त मोठा दिसतो, स्पष्ट नाही, त्यामुळे आपल्याकडे ३०-४० एक्सच्या पुढे हात क्वचितच जातो.

मला स्वतःला २५ किंवा ३० एक्सचा फिक्स्ड वाइड, म्हणजे झूम नसलेला पण रुंद दृश्य दाखवणारा आयपीस आवडतो. साध्या २०-६० झूममध्ये २० एक्सला बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं, वाइडमध्ये मात्र गॉडविटचा (चिखलात लांब चोच खुपसणारा पक्षी) अख्खा थवा एका नजरेत मावतो आणि त्यात वेगळा कोण घुसलाय ते पटकन कळतं. हां, लांबच्या फ्लेमिंगोच्या पायातली रिंग वाचायची असेल तर झूमच लागेल.

चष्मेवाल्यांनी आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, आधी बघायचा, निदान १५ मिमी, १८ असेल तर उत्तमच, नाहीतर कडा कापल्या जातात. आणि बसतो का ते विचारून घ्या, बहुतेक कंपन्यांची बायोनेट (आयपीस फिरवून अडकवायची खाच) स्वतःचीच असते, काही स्कोपना आकाश बघायच्या दुर्बिणीचे सव्वा इंची आयपीस चालतात आणि ते स्वस्तही पडतात, फक्त वॉटरप्रूफ नसतात बहुतेक, म्हणजे पावसाळ्यात घरीच.