सहउत्क्रांतीमधला ‘सह’

‘सहउत्क्रांती’ या शब्दाने माझी बराच काळ दिशाभूल केली. सहकार, सहवास, सहजीवन, सहानुभूती यांच्या पंगतीत तो बसतो (‘सहआरोपी’ हा त्या पंगतीतला वात्रट पाहुणा), आणि त्यामुळे दोन जाती एकमेकींना सांभाळून घेत, जणू ठरवून, बदलत गेल्या असाव्यात असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात या संज्ञेत सलोख्याची अट कुठेच नाही. अट आहे ती परतफेडीची: एका जातीतल्या बदलामुळे दुसरीवर नैसर्गिक निवडीचा दाब यावा, त्या दाबाखाली दुसरी बदलावी, आणि तिच्या बदलाचा दाब पुन्हा पहिलीवर पडावा. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांच्या १९६४ च्या ज्या लेखामुळे ही संज्ञा रुळली, त्यातही नाते खाणारा आणि खाल्ला जाणारा यांचेच होते. वनस्पतींमध्ये विषारी द्रव्ये तयार होत गेली, फुलपाखरांच्या काही वंशांत ती पचवण्याची क्षमता येत गेली, आणि दोन्हीकडे नव्या जातींची भर पडत राहिली, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दोन जाती एकमेकींना चपखल बसतात, एवढ्यावरून त्या एकत्र घडल्या असे मात्र म्हणता येत नाही. जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९८० मध्ये एका छोट्या टिपणात हे बजावून सांगितले. आधीच एक गुण अंगी असलेला प्राणी नंतर येऊन एखाद्या झाडाशी जुळला, तरी बाहेरून तेच चित्र दिसते. मॉरिशसमधल्या एका वृक्षाच्या बिया डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाहीत, म्हणून डोडोबरोबर तो वृक्षही संपत आला आहे, अशी कल्पना १९७७ मध्ये मांडली गेली आणि फार लोकप्रिय झाली. त्या बिया डोडोवाचूनही रुजतात हे पुढे दाखवले गेले, पण गोष्ट एवढी सुबक होती की ती अजून सांगितली जाते.

परतफेड प्रत्यक्ष मोजता आली, असे एक उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथे न्यूट नावाचा, पालीसारखा दिसणारा खरबरीत कातडीचा उभयचर राहतो. त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते आणि काही ठिकाणच्या एकेका न्यूटमध्ये ते अनेक माणसांचा जीव घेण्याइतके असते. एवढे विष कशासाठी, याचे उत्तर न्यूट खाणाऱ्या गार्टर सापात आहे. हे विष मज्जातंतू आणि स्नायूंमधले सोडियमचे मार्ग बंद करते. या सापांच्या स्नायूंमधल्या त्या मार्गांची घडण जनुकातल्या मोजक्या बदलांमुळे अशी पालटली आहे की विष तिथे नीट चिकटत नाही. व्हँकूवर बेटावरच्या न्यूटमध्ये विष जवळजवळ नाही, आणि तिथल्या सापांत प्रतिकारही नाही. म्हणजे हा सामना सगळीकडे सारखा चाललेला नाही. काही भागांत तर साप इतके पुढे गेले आहेत की सर्वांत विषारी न्यूटही त्यांना रोखू शकत नाही. ही आघाडी मात्र फुकटची नाही: अधिक प्रतिकार असलेले साप सरपटण्यात मंद असल्याचे आढळले आहे.

तरीही मला विचाराल तर सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या सशांचे आहे, कारण तिथे सुरुवातीची तारीख ठाऊक आहे. युरोपातून आणलेल्या सशांचा उच्छाद आवरण्यासाठी १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ यजमान सशांना त्याने कातडीवर एखादी गाठ येते, यापलीकडे फारसे काही होत नाही. युरोपीय सशांपैकी मात्र ९९ टक्क्यांहून अधिक त्याने मारले. विषाणूशास्त्रज्ञ फ्रँक फेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जे केले ते फार हुशारीचे होते. रानातून मिळालेला विषाणू त्यांनी प्रयोगशाळेतल्या, कधीही या रोगाला सामोऱ्या न गेलेल्या सशांना टोचला, आणि रानातल्या सशांना ठरावीक ताकदीचा साठवलेला विषाणू टोचला. दोन बाजूंपैकी एक स्थिर धरल्यामुळे दुसरी किती सरकली ते कळत गेले. विषाणू काही वर्षांतच थोडा सौम्य झाला होता, आणि एका ठिकाणच्या सशांमधले मृत्यूचे प्रमाण सात वर्षांत ९० टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर आले होते.

विषाणूला दया आली, असे याचे वर्णन वाचले की मी अस्वस्थ होतो. हा विषाणू मुख्यतः डासांमार्फत पसरतो. ससा दोन आठवड्यांच्या आत मेला तर डासांना वेळ कमी मिळतो, आणि तो लवकर बरा झाला तर कातडीत विषाणू पुरेसा उरत नाही. या दोहोंच्या मध्ये विषाणूच्या ज्या वाणाचा प्रसार सर्वाधिक झाला, तो टिकला. पुढे सशांचा प्रतिकार वाढला तशी ही मधली जागाही सरकली: १९९० च्या दशकात गोळा केलेले काही वाण प्रतिकार नसलेल्या प्रयोगशाळेतल्या सशांची रोगप्रतिकारशक्तीच खचवून त्यांना मारतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. विषाणू सौम्य होत होत अखेर निरुपद्रवी होतात, हा सुखद समज इथे टिकत नाही.

मग ज्या जोड्यांत खरोखर दोघांचा फायदा आहे, त्यांचे काय? उंबर फोडून केंबरे काढू नयेत असे म्हणतात, पण इथे ती काढावीच लागतात. वड, पिंपळ, उंबर, अंजीर यांच्या प्रजातीत साडेसातशेच्या आसपास जाती आहेत आणि परागीभवनासाठी त्या सगळ्या एकाच कुळातल्या चिमुकल्या कीटकांवर अवलंबून असतात. मादी अरुंद तोंडातून फळात शिरते, त्यात बहुधा तिचे पंख तुटतात. ती परागकण पोहोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. ही निष्ठा नव्हे. पराग न आणता नुसती अंडी घालणाऱ्या माद्याही असतात. काही जातींची झाडे परागीभवन न झालेली फळे गाळून टाकतात, आणि त्यांच्याबरोबर आतल्या अळ्याही मरतात. पनामातल्या २०१० च्या एका अभ्यासात, ही शिक्षा जिथे सौम्य होती तिथे पराग न बाळगणारे कीटक अधिक आढळले.

केनियातल्या एका बाभळीची गोष्ट याच्या पुढची आहे. हे झाड मुंग्यांना फुगीर काट्यांत घर आणि पानांवरून मध पुरवते. मुंग्या हत्ती-जिराफांना चावून पळवतात. १९९५ पासून कुंपण घालून मोठे शाकाहारी प्राणी बाहेर ठेवलेल्या जागेत, सुमारे दहा वर्षांनी टॉड पामर आणि सहकाऱ्यांनी मोजणी केली, तेव्हा झाडांनी काटे आणि मध दोन्ही कमी केलेले आढळले. एवढ्या काळात झाडाची पिढीही बदलत नाही, त्यामुळे ही उत्क्रांती नव्हे. गरजेप्रमाणे खर्च कमी-जास्त करण्याची क्षमता मात्र त्या दीर्घ व्यवहारातूनच आलेली असणार. राखण करणाऱ्या मुंग्या रोडावल्या, उरलेल्या मुंग्या झाडाचा रस शोषणाऱ्या किड्यांना अधिक सांभाळू लागल्या, आणि बऱ्याच झाडांवर दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी ताबा घेतला. या मुंग्या खोडात भोके पाडणाऱ्या भुंगेऱ्यांना हटकत नाहीत, कारण त्या भोकांतच त्या राहतात. हत्ती आणि जिराफ बाहेर राहिले, आणि कुंपणाच्या आतली झाडे हळू वाढू लागली व अधिक मरू लागली.