लोखंडाची मिशी

जुलैतली गोष्ट. साखळीहून चोर्ला घाटानं बेळगावला परत येत होतो. कणकुंबी मागं पडली होती, पाऊस धो धो. जांबोटीच्या अलीकडं एका खड्ड्यातून गाडी आदळत वर आली आणि पॅनेलवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. त्याच्या पाठोपाठ गाडी घसरतेय असं चित्र असलेला दुसरा दिवा. पण खरं तर काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांच्या आधी पायाला कळलं. इलेक्ट्रिक गाडीत एक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर चाकांना धरते आणि वेग आपोआप उतरतो. त्या वळणावर पाय काढला तर गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखी सरळ पुढं! पोटात गोळाच आला.

नंतर कारण कळलं. मोटरनं ब्रेक लागताना चाक घसरतंय का, हे गाडीला एबीएसच्याच, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून कळतं. ती माहिती भरवशाची नसली की गाडी मोटरचा ब्रेक बंद करून टाकते. पायाचा ब्रेक मात्र नेहमीसारखा लागत होता. पिवळ्याच्या जोडीला लाल दिवाही लागला असता, तर मी गाडी तिथंच बाजूला घेतली असती, कारण मग पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते. चाळीसच्या वर वेग न नेता टिळकवाडी गाठली.

सकाळी गाडी चालू केली तर दिवे गायब. खूश झालो. गल्लीतून बाहेर पडून वेग वीसच्या आसपास गेला आणि पुन्हा हजर. वायर तुटलेली असती तर दिवा उभ्या गाडीतच लागला असता. चाक फिरायला लागल्यावर लागतोय, म्हणजे दुखणं चाकाच्या वेगाच्या मोजणीत, एवढं माझ्याही डोक्यात आलं. ब्रेक ऑइल बघितलं, पातळी बरोबर. बारा व्होल्टची छोटी बॅटरी मोजली, कारण ती उतरली की या गाड्या वाट्टेल ते दिवे लावतात. तीही ठणठणीत. माझ्याकडचा सातशे रुपयांचा स्कॅनर ‘दोष नाही’ म्हणाला. तो बिचारा फक्त ‘पी’नं सुरू होणारे दोषाचे कोड वाचतो, ब्रेकचे कोड ‘सी’चे, ते त्याच्या गावीही नसतात.

सर्व्हिस सेंटरमध्ये कोड निघाला सी ००४५, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर. चाक न खोलताच निकाल लागला. “सेन्सर, हब एरडू बदली माडबेकु री.” म्हणजे सेन्सर आणि हब, चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, दोन्ही बदलायचे. साडेतेरा हजार. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे, गाडी पाण्यातून गेलीय. घाटात पावसाळ्यात गाडी कशातून न्यायची असते, हे विचारायचं ओठावर आलं होतं. गिळलं.

मग एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं मीटर लावून सेन्सरचा रेझिस्टन्स बघितला. काही येईना. “गेलाय हो,” म्हणाला. मीही मान डोलावली. ती आमच्या दोघांची चूक. जुन्या सेन्सरमध्ये तांब्याची गुंडाळी असायची, ती ओहममध्ये मोजता यायची. आताच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक चिप असते, तिची परीक्षा अशी होत नाही.

शेवटी उद्यमबागेतल्या एका गॅरेजवाल्याकडं गेलो. त्यानं चारही चाकांचे वेग स्कॅनरवर एकाशेजारी एक लावले, मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः शेजारी बसला. तीन चाकं अठरा, अठरा, अठरा. चौथं अठरा, अकरा, शून्य, अठरा. “वायर न्हाई, सेन्सर बी न्हाई म्हणतंय माझं मन,” तो म्हणाला. खात्रीसाठी सोपी युक्ती केली: या गाडीत मागचे दोन्ही सेन्सर एकसारखे, म्हणून डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं. जॅक मात्र ठरलेल्या खुणेवरच लावला, मध्ये लावला तर बॅटरीच्या पेटीला लागतो. कोड पुसून पुन्हा फेरी. दोष डावीकडंच राहिला. सेन्सर सुटला आरोपातून!

पण डावा सेन्सर काढला तेव्हाच आम्ही दोघं त्याच्या टोकाकडं बघत राहिलो होतो. टोकाला काळी मिशी फुटलेली. लोखंडाचा भुगा. सेन्सर ज्या कड्यासमोर बसतो ते हबमधलं कडं चुंबकी असतं. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे पट्टे, ते पुढून सरकले की सेन्सर मोजतो. त्या कड्यावरही तोच काळा थर, तांबड्या चिखलात कालवून वाळलेला. पट्टेच झाकले गेल्यावर मोजणार काय?

आणि भुगा आला कुठून? मी फौंड्रीत आहे. तीन वर्षं गाडी ग्राइंडिंग शेडच्या भिंतीला लागून लावतोय, डावी बाजू शेडकडं. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगची धूळ रोज तिथं उडते. घाटातल्या चिखलानं फक्त शेवटचा हात फिरवला.

गॅरेजमधलं पोरगं मदतीला म्हणून बोल्ट उचलायची चुंबकाची कांडी घेऊन आलं, भुगा ओढून काढायला. मालक केवढ्यानं ओरडला, “काय करूलास रे!” बाहेरचा चुंबक लागला की कड्याचे पट्टे बिघडतात, मग हब खरोखरच बदलावा लागला असता. ब्रेक क्लीनरमध्ये भिजवलेली फडक्याची पट्टी सेन्सरच्या भोकातून कड्याला टेकवून मी चाक हातानं फिरवत राहिलो, मालक पुसत राहिला. नऊ पट्ट्या काळ्या झाल्या. दहावी पांढरी निघाली.

जवळच्या मच्छे गावापर्यंत जाऊन आलो. वीसला दिवे विझले ते विझलेच, आणि पाय काढताच गाडीनं स्वतःला आवरलं. त्यानं सहाशे रुपये घेतले.

आता गाडी शेडपासून लांब, गेटजवळच्या झाडाखाली लावतो. तिथं कावळे फार आहेत.