गुरुवारी बघितलेलं घर

रविवार, रात्री

वाकडचं घर घेतलं तेव्हा एकच गोष्ट पाहिली होती, हिंजवडी फेज दोन किती लांब. पाणी, शेजार, घरमालकाचा स्वभाव, काही विचारलं नव्हतं. आता कंपनीने हिंजवडीतला मजलाच सोडला. महिन्यातून एकदा कल्याणीनगरच्या ऑफिसात तोंड दाखवायचं, बाकी सगळं घरून. ज्याच्यापासून अंतर मोजायचं तेच गेलं. तीन आठवडे पुण्याचा नकाशा उघडून बसते आणि बोट कुठे ठेवावं ते कळत नाही.

आज कोथरूडला मयूर कॉलनीतला एक फ्लॅट पाहिला. दुसरा मजला, मागे आंबा, भर सकाळी कोकिळा ओरडत होती. पाच मिनिटांत मनातल्या मनात टेबल मांडूनही झालं माझं. टोकन देणारच होते, पण एजंटचं जीपे चालेना म्हणून राहिलं. संध्याकाळी मावशीला फोनवर रसभरीत वर्णन ऐकवलं. ती सदाशिव पेठेतली, तिला वर्णनांचं कौतुक नाही.

"रविवारी सकाळी कुठली गल्ली वाईट दिसते गं? तू काय रविवारी काम करणारेस? गुरुवारी जाऊन बघ."

गुरुवारच का, हे पुण्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे विजेच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं त्याच वारी निघतात. महापालिकाही पाइपलाइनची कामं बहुतेक गुरुवारीच काढते आणि मग पेपरात ते ठरलेलं वाक्य येतं, 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' मावशीकडे बुधवारी रात्री बादल्या भरल्या नाहीत असं कधी झालेलं मला आठवत नाही.

मंगळवार

बाणेर पाहिलं. लॉबीत सोफे, वर क्लबहाउस, गेटवर पाण्याचा टँकर. उन्हाळ्यात मेंटेनन्स किती वाढतो विचारलं, तर एजंट जिमबद्दल बोलू लागला. नको.

गुरुवार, रात्री

सव्वाअकराला मयूर कॉलनीत पोचले. गल्लीच्या तोंडाशीच ब्रेकरची धडधड. आंब्याच्या पलीकडची इमारत पत्रे लावून पाडायला घेतलेली. ते पत्रे रविवारीही तिथेच होते की! मशीन बंद होतं म्हणून मला दिसले नाहीत, इतकंच. कोथरूडमधल्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला चालल्यात. ऑफिसला जाणाऱ्याला ते संध्याकाळी खिडकीतली धूळ पुसताना कळतं. मी मात्र दिवसभर त्याच खिडकीशी बसणार.

परत निघताना पार्किंगमधल्या फळ्यावर नोटीस दिसली. 'विशेष सर्वसाधारण सभा. विषय : विकसक निवडीबाबत चर्चा करणे.' खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'आधी लिफ्टचं बघा.' म्हणजे ही इमारतही रांगेत. एजंटला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अकरा महिन्यांत काही होत नाही." बरोबरच आहे त्याचं, त्याला दलाली दर अकरा महिन्यांनी मिळते.

दुसरं घर कोथरूडमध्येच, डहाणूकर कॉलनीत. तिसरा मजला, मालकीणबाई पहिल्या मजल्यावर. वीज सकाळपासून नव्हती, म्हणजे परीक्षा घ्यायला उत्तम वेळ. वाकडला मी इन्व्हर्टरवर राउटर ठेवूनही दर वेळी फसायचे. आमच्या केबलवाल्याचा घरोघरी नेट वाटणारा स्विच जिन्यातल्या डब्यात आणि त्या डब्याला जिन्याचा करंट. जिना अंधारात गेला की घरात पंखा फिरतोय, राउटर लुकलुकतोय आणि नेट बंद. म्हणून इथे आधी जिन्यातला डबा शोधला. झाकण नसलेला, आत पालीची अंडी आणि एक बारीक पिवळी वायर. केबलवाल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "फायबर थेट घरात येतो ताई, मधे कुठे लाईट लागत नाही." इतका आनंद मला कोकिळेनेही दिला नव्हता.

मालकीणबाईंची वेगळीच काळजी. "घरून काम म्हणजे शिकवण्या-बिकवण्या नाहीत ना? दारात चपलांचा ढीग नको मला." नाही म्हटलं, फक्त मी आणि लॅपटॉप. वर अर्धा तास नुसतं बसून बघू का, असं विचारल्यावर त्यांनी एजंटकडे पाहिलं, एजंटने माझ्याकडे. शेवटी किल्ली मिळाली.

लंडनचे दहा म्हणजे सध्या आपले अडीच. रिकाम्या खोलीत, पालथ्या बादलीवर बसून, फोनच्या हॉटस्पॉटवर रोजची मीटिंग केली. बाहेर दुकानांची शटर्स खाली, कबुतरांची घुमघुम आणि कुणाच्या तरी उशिरा लागलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या. एक ते चार या पुणेरी झोपेवर आयुष्यभर विनोद केले मी. त्या झोपेत माझी अख्खी मीटिंग बसते हे लक्षात आलं नव्हतं. पलीकडून विचारलं गेलं, आज इतकी शांतता कशी? चारला खाली किराणावाल्याचं शटर वर गेलं आणि गल्ली जागी झाली.

तोटे आहेतच. स्वयंपाकघर एका माणसाचं, दोघं उभे राहिले तर एकाने बाहेर पडायचं. गणपतीच्या आधी ढोलांचा सराव वाऱ्यावर इथपर्यंत येतो, असं बाईंनीच सांगितलं, आणि माझा दुसरा कॉल साडेसातचा. पण महिन्यातल्या त्या एका दिवसासाठी वनाज-रामवाडी मेट्रो थेट कल्याणीनगरला नेते. ती २०२४ च्या मार्चपासून. त्याआधी कोथरूडला राहून कल्याणीनगरला जाणं म्हणजे डबा बांधून निघायचा प्रवास होता.

बाई करार नोटरीवर उरकू म्हणत होत्या, "अकरा महिन्यांचाच तर आहे." महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच आणि ती जबाबदारी मालकाची, हे मी जमेल तितक्या गोड आवाजात सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या. मग चहा टाकला.

टोकनचे पाच हजार दिले. गेटपर्यंत पोचते न पोचते तोच वरून हाक आली.

"अगं, तू दिवसभर घरीच असणार ना? मग आमचं सिलिंडर तेवढं घेत जा!"