तुम्ही विचारलंत म्हणून: बँजो आधी की स्लाइड गिटार?

प्रश्न साधारण असा असतो: टोनी फुर्टाडोसारखा अमेरिकन वादक एका गाण्यात बँजो वाजवतो, पुढच्या गाण्यात स्लाइड गिटार (बोटात घातलेली नळी, म्हणजे स्लाइड, तारांवर सरकवून वाजवतात ती) घेतो आणि गातो स्वतःचीच गाणी. आम्हाला असं काही करायचं असेल तर आधी काय शिकावं?

(आडनावावरून गोवा आठवतो, पण फुर्टाडो कॅलिफोर्नियाचे. 1987 आणि 1991 मध्ये कॅन्ससमधल्या विनफील्डची राष्ट्रीय बँजो स्पर्धा त्यांनी जिंकली. स्लाइडकडे ते नंतर वळले.)

आणि हा बँजो म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतला नव्हे. तो बटणांचा, बुलबुल तरंगाच्या घराण्यातला. हा पाच तारांचा, चामडं (हल्ली बहुधा प्लास्टिक) ताणलेला. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर त्याचे पूर्वज अमेरिकेत पोचले.

उत्तर: आधी जुळणी, म्हणजे तारा कोणत्या सुरांत लावायच्या ते, शिका. ‘ओपन जी’ (तारा न दाबता छेडल्या की जी मेजर वाजतो) ही एकच जुळणी दोन्ही वाद्यांना चालते.

बँजोच्या तारा चौथीपासून पहिलीपर्यंत डी-जी-बी-डी. जीला सा धरलात तर प-सा-ग-प. पाचवी तार आखूड. तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी, आणि ती लागते तार षड्जात. तिचं काम सतारीच्या चिकारीचं. गिटारच्या नेहमीच्या जुळणीतून सहावी, पाचवी आणि पहिली या तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवा. झाली डी-जी-डी-जी-बी-डी. वरच्या चार तारा हुबेहूब बँजोच्या, त्यामुळे बँजोवर सापडलेली सुरावट गिटारवर त्याच पडद्यांवर मिळते. फक्त सा पाचव्या तारेवर आहे हे विसरू नका. सहावीपासून झणकारलंत तर तळाशी पंचम येतो आणि गाणं अधांतरी वाटतं.

तारा उतरवल्या की ढिल्या पडतात. 10 गेजचा (सर्वात बारीक तार इंचाच्या 10 हजारांश जाडीची) संच असेल तर स्लाइड पडद्यांवर आपटून खडखडते. 13 ते 56चा संच घ्या आणि बाराव्या पडद्याशी तारेची उंची 3 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. उतरवताना हव्या सुराच्या जरा खाली जा, मग वर चढवून सूर गाठा. नाहीतर दोन कडव्यांत तार सरकते.

स्लाइड करंगळीत घाला, म्हणजे बाकीची बोटं मोकळी राहतात. काचेची गोड, पितळेची धारदार. तार दाबायची नाही, नुसती टेकवायची. इतरवेळी आपण बोट दोन पडद्यांच्या मध्ये ठेवतो. इथे स्लाइड पडद्याच्या पट्टीच्या अगदी डोक्यावर हवी. अर्धा सेंटीमीटर मागे राहिलीत की सूर उतरलाच. सूर खालून मींडेने गाठा, थांबा, मग हलवा. सर्वात मोठी चूक म्हणजे स्लाइडमागच्या तारा मोकळ्या सोडणं. पहिलं आणि मधलं बोट मागे हलकेच टेकलेलं नसेल तर नको ते सूर कुंईकुंई करत राहतात. स्लाइड सगळ्या तारांवर आडवी टाकली की पाचव्या पडद्यावर सी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), सातव्यावर डी, बाराव्यावर पुन्हा जी. एवढ्यावर अर्धी लोकगीतं निघतात.

बँजोत घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चिकटवलेली नसते, ती सरकते. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा येत असेल तर घोडी शेपटाकडे, म्हणजे तारा अडकवलेल्या टोकाकडे, सरकवा, उतरा असेल तर उलट. हे न बघता माणसं महिनोन्महिने कानाला दोष देतात. गायचं असेल तर मी क्लॉहॅमर ही वाजवण्याची पद्धत सुचवेन: नखाने खाली एक घाव, मग तारांवर फटका, लगेच अंगठ्याने पाचवी. पहिल्याला एक मात्रा, उरलेल्या दोघांना मिळून एक. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या पद्धतीची तीन बोटांची वेलबुट्टी देखणी आहे, पण गाताना नवख्याचं सगळं लक्ष तीच खाते.

आता गाणी लिहिण्याबद्दल. बँजोचा सूर लगेच विझतो, स्लाइडचा लांबतो. म्हणून शब्दांखाली बँजो आणि ओळ संपल्यावरच्या रिकाम्या जागेत स्लाइड. दोन्ही शब्दांवर चढवलीत की ऐकणाऱ्याला ओळच कळत नाही. पाचवी तार सतत जी म्हणत असते, तेव्हा कॉर्ड तिला मानवणारे निवडा: जी, सी, डी, ई मायनर. बी मेजरमध्ये ती टोचते. पट्टी चढवायला कापो (तारा एकदम दाबून धरणारा चाप) लावलात, तर तो बँजोच्या चारच तारा चढवतो. दुसऱ्या पडद्यावर कापो असेल तर पाचवी वेगळी चढवून ए करावी लागते, किंवा सातव्या पडद्यापाशी छोटी खिळी बसवून तिच्याखाली अडकवावी लागते.

ओपन जीमध्ये शुद्ध गंधार कायम वाजतो, त्यामुळे लिहाल ते हसरंच होतं. उदास गाणं हवं तर दोन्ही वाद्यांची दुसरी तार बीवरून सीवर घ्या. याला सॉमिल जुळणी म्हणतात. गंधार गेला, मध्यम आला. आता कोमल गायचा की शुद्ध, हे गळा ठरवतो. मात्र सगळ्या तारांवर स्लाइड आडवी टाकून कॉर्ड मिळत नाही. एकेका तारेवर सुरावट खेचावी लागते.

कार्यक्रमात सॉमिलची गाणी सलग ठेवा. मध्ये बदलायची ती एकच तार, पण सीवर चढून आलेली तार परत बीवर आणली की एका गाण्यात पुन्हा हलते, तेव्हा पहिल्या कडव्यानंतर ती तपासा.