चेअर आठचा उजवा हात

पेशंटला काही इजा झाली की भरायच्या त्या फॉर्मवर ‘कारण’ असं छापलेलं असतं आणि खाली चौकोन असतात. मी ‘पेशंटची हालचाल’वर टिक केली. खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं, आणि ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलेय.

मी ओहायोत, कोलंबसला डायलिसिस नर्स आहे, मूळची मिरजेची. दिवस होता १६ जानेवारी २०२३, सोमवार. पहिली शिफ्ट सव्वापाचला खुर्चीत बसते म्हणजे आम्ही चारला हजर. बाहेरच्यांना वाटतं आल्या आल्या आम्ही मशीन लावतो, तर नाही, आधी पाणी. एका पेशंटच्या एका सेशनला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं आणि त्यात क्लोरीन राहिलं तर अंगातल्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे टेस्ट करायची, रीडिंग ०.१ च्या वर गेलं तर कोणाला मशीनवर घ्यायचंच नाही. ही टेस्ट मी दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडत नाही, सगळे मला त्यावरून चिडवतात, चिडवू देत.

सोमवार आमचा सगळ्यात वाईट वार. शुक्रवारनंतर थेट सोमवार, मधे दोन दिवस पेशंटच्या अंगात पाणी साठत राहतं, आणि वीकेंडला मॅच असली की चिप्स, पिझ्झा, बिअर. वजनकाट्यावर पेशंट उभा राहिला की मला कळतं कोणी कुठली मॅच पाहिली. त्यात त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंगची सुट्टी, शाळा बंद, एक टेक्निशियन आलीच नाही. वरून फोन, ‘मॅनेज करा’. हा शब्द जगातल्या सगळ्या मॅनेजरांना कुठे शिकवतात कोण जाणे. म्हणजे बारा पेशंटवर माझी नजर हवीच, वर तिच्या चार खुर्च्यांच्या सुयाही मीच लावायच्या.

त्या चारातल्या दोन म्हणजे सात आणि आठ. आम्ही आपसात खुर्चीच्या नंबरानेच बोलतो. सातवर रिटायर्ड स्कूल बस ड्रायव्हर, सत्तरी ओलांडलेले. आठवर तिशीतली मुलगी, वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करून थेट इकडे यायची. दोघांत चार फुटांचं अंतर आणि विषय एकच, ओहायो स्टेटचं फुटबॉल.

हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे. यात क्वार्टरबॅक असतो, बॉल त्याच्या हातात येतो, कोणाकडे फेकायचा ते तो तीन सेकंदांत ठरवतो आणि जिंकलं-हरलं सगळं त्याच्या नावावर चढतं. कॉलेजची पोरं खेळतात पण स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं. त्यांचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड कॉलेज सोडून प्रोफेशनलमध्ये जाणार की आणखी एक वर्ष थांबणार हे सांगायची शेवटची तारीख नेमकी तो सोमवार. जाणार हे सगळ्यांनी धरलंच होतं (दिवस संपायच्या आत बातमी आलीही), त्यामुळे पहाटे साडेपाचला आमच्याकडे पोस्टमॉर्टेम सुरू.

सातचं म्हणणं एका वाक्याचं, ‘पोराला गोल्ड पँट्स नाहीत.’ मिशिगनला हरवलं की इथल्या खेळाडूंना सोन्याची छोटीशी पँट मिळते, लॉकेटसारखी, १९३४ पासूनची पद्धत. त्यांचा तेव्हाचा कोच म्हणाला होता की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात, त्यावरून. इथे मिशिगनचं नाव घेत नाहीत, ‘ती वरची टीम’ म्हणतात, त्या आठवड्यात कॉलेजभर पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल टेपची फुली मारतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं काहीतरी दुरुस्ती चाललीय. तर स्ट्राउड दोनदा मिशिगनविरुद्ध उतरला आणि दोन्हीदा हरला, २०२१ ला ४२-२७ आणि २०२२ ला घरच्या मैदानावर ४५-२३.

आठचं डोकं फिरायचं. ‘पंचेचाळीस पॉइंट त्याने दिले का? पंचाहत्तर आणि पंच्याऐंशी यार्ड पळाला त्यांचा माणूस, त्याला स्ट्राउडने अडवायचं होतं? तो तेव्हा बाकावर बसलेला असतो हो!’ मग ती रोझ बोल ही सीझनअखेरची मोठी मॅच काढायची, युटाविरुद्ध स्ट्राउडचे थ्रो ५७३ यार्डांचे आणि सहा टचडाउन, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. मग पंधरवड्यापूर्वीची जॉर्जियाची मॅच. ती जखम ताजी होती, कारण ती मॅच ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्याला हरली होती. जॉर्जिया म्हणजे आदल्या वर्षीचे चॅम्पियन, त्यांच्याविरुद्ध ३४८ यार्ड, चार टचडाउन, एकही बॉल समोरच्याच्या हातात दिला नाही, चौथ्या क्वार्टरला चौदाची आघाडी. मग ती गेली, आणि शेवटच्या मिनिटाला स्ट्राउड स्वतः बॉल घेऊन सत्तावीस यार्ड पळाला, टीमला जिंकून देणाऱ्या किकच्या टप्प्यात आणून ठेवलं आणि किक गेली डावीकडे बाहेर. ४२-४१.

‘पळाला ना,’ सात म्हणाले. ‘दोन वर्षं आम्ही घसा फोडून तेच ओरडत होतो, पळ रे बाबा पळ. पळाला कधी, तर बॅग भरायच्या आदल्या मॅचला.’

मी सुया लावता लावता मधे तोंड घातलं. सचिन सांगितला त्यांना. १९९९, चेन्नई, पाकिस्तानविरुद्ध १३६, पाठ दुखत असताना, आणि आपण बारा रनांनी हरलो. आमच्या घरी बाबा आणि काका यावरून कितीतरी वर्षं भांडले, की तो होता म्हणून तिथवर पोचलो की तो आउट झाला म्हणून हरलो. सातनी विचारलं, ‘मग काय ठरलं?’ म्हटलं, ‘काका जाईपर्यंत काही ठरलं नाही.’ तिघंही हसलो.

आता सुईबद्दल सांगते कारण ते मला येतं. फिस्टुला म्हणजे हाताची शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडलेली, बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय असं लागतं. ती गुरगुर आधी बोटाने शोधायची, मग स्टेथोस्कोपने ऐकायची, मगच सुई. सुई जाड असते, लांबूनही भोक दिसतं. तिरकी आत, रक्त उसळलेलं दिसलं की आडवी करून सरकवायची आणि टेप अशी मारायची की सुईचे पंख हलता कामा नयेत. आठचा फिस्टुला नवा, पातळ भिंतीचा, कोणाला पटकन जमायचा नाही. मला जमायचा. ती दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही आणि मला त्याचा, कबूल करते, माज होता.

फिस्टुला शक्यतो कामाच्या हातात करत नाहीत. ही डावखुरी, म्हणून उजव्या हातात.

आमच्या हॉलमध्ये गारठा असतो. त्यात चारशे एमएल दर मिनिटाला रक्त अंगाबाहेर फिरून येतं, पेशंट कुडकुडतात. नियम असा की ब्लँकेट घ्या पण सुयांचा हात उघडा पाहिजे, सतत दिसला पाहिजे. तिने म्हटलं, ‘फार थंडी वाजतेय, पाच मिनिटं.’ मी स्वतः ओढून दिलं हातावरून. पाच मिनिटांनी काढायचं मनात होतं, तेवढ्यात तीन नंबरचं बीपी ऐंशीवर आलं, मी तिकडे.

तिकडून ऐकू येत होतं. सात म्हणत होते की तो लांबचे थ्रो बरे टाकतो पण त्यात जीव नसतो. आठ म्हणाली, ‘जीव नसतो? थांबा, दाखवते.’ आणि तिने दाखवला. स्ट्राउड उजव्या हाताने फेकतो. तिने त्याची अगदी हुबेहूब नक्कल केली, ब्लँकेटखालून कोपर वर, मनगट मागे. मी ते पाहिलं आणि मला हसू आलं. एक क्षण, पण आधी हसू आलं, ओरडले नंतर.

व्हीनस प्रेशरचा, म्हणजे रक्त अंगात परत नेणाऱ्या नळीतल्या दाबाचा, अलार्म वाजला, पंप आपोआप थांबला. ब्लँकेट उचललं तर कोपराच्या वर लिंबाएवढं टम्म फुगलेलं आणि बघता बघता वाढतंय. सुई शिरेच्या भिंतीतून पार गेली होती, रक्त आत न जाता मांसात. क्लँप, बर्फ, बोटाने दाब, तिच्या डोळ्यांतून पाणी पण तोंडातून आवाज नाही. सर्किटमध्ये, म्हणजे मशीनच्या नळ्यांत, तिचं रक्त अडकलेलं, ते गोठायच्या आत परत द्यायला हवं, म्हणून सूज टाळून वरच्या बाजूला दुसरी सुई. लागली, पहिल्याच फटक्यात. इतकी स्वच्छ सुई मी त्या महिन्यात लावली नसेल. चाळीस मिनिटं आधी बंद केलं आणि तिला घरी पाठवलं, आज बर्फ, उद्यापासून शेक.

मग फॉर्म. चौकोनांत ‘स्टाफ कमी’ असा चौकोन नसतो, नसणारच. ‘हात झाकलेला होता’ असाही नव्हता, पण खाली दोन ओळी मोकळ्या असतात. त्या मी मोकळ्या ठेवल्या.

पुढे प्रोफेशनल टीमांच्या निवडीत स्ट्राउडला ह्यूस्टनने दुसऱ्या नंबरला घेतलं आणि पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये त्याने क्लीव्हलँडला, म्हणजे ओहायोच्याच टीमला, ४५-१४ धुतलं. २०२४ च्या सीझनला ओहायो स्टेटचा नवा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड मिशिगनकडून हरला तो हरला, पण नंतर राष्ट्रीय चॅम्पियन झाला, त्याच्या गोल्ड पँट्स आता कोणी विचारत नाही. आठ असती तर तिने हे सातना दिवसभर ऐकवलं असतं. तिला किडनी मिळाली, तिचं इकडे येणं सुटलं, छान झालं.

पण मला तो बुधवार आठवतो. ती आली, हात कोपरापासून खांद्यापर्यंत जांभळा, कडेने पिवळा. मी बारीक सुई काढली, पंप अडीचशेवर ठेवायचं ठरवलं. ती सातना म्हणाली, ‘माझाच फम्बल झाला सोमवारी.’ फम्बल म्हणजे हातातून बॉल सुटणं. मी टेप फाडत होते, मान खालीच ठेवली.

सात काही बोलले नाहीत. त्यांचं संपलं, मी त्यांच्या सुया काढल्या, भोकावर गॉझ ठेवून त्यांचं बोट त्यावर दाबून धरलं. दहा मिनिटं दाबायचं असतं. आठ तेव्हा झोपली होती.

‘ब्लँकेट तूच टाकलं होतंस ना, पोरी?’ त्यांनी हळूच विचारलं.

‘हो.’

‘हं,’ म्हणाले, आणि घड्याळाकडे बघत गॉझ दाबत बसले.